लेखकाचा आवाज आणि आवाजाचा पत्ता

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे डिजिटल काळातला लेखक-पॉडकास्टर. म्हणजे असा लेखक, जो लिहितो, आणि तेच किंवा त्याच्या आगेमागेचं काहीतरी माइकसमोर बोलतोही. आणि या दोन्हींवर मिळून आपलं पोट चालावं अशी त्याची अपेक्षा असते. या विषयावर साधारण दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक कौतुकाचं: आता प्रकाशकाचे उंबरे झिजवायला नकोत, मोबाइल काढा आणि सुरू करा. दुसरं कुरकुरीचं: वाचन संपलं, आता सगळं कानात ओतायचं. आम्हाला या दोन्हींत फारसा रस नाही. आम्ही समीक्षेच्या बाजूने तीन साधे प्रश्न विचारणार आहोत. हे लेखन कानाला कसं लागतं? ते कोणाच्या मालकीचं असतं? आणि त्यातला आवाज कुठला असतो, म्हणजे त्याला काही गावठिकाण असतं का?

तिसरा प्रश्न आपण जिथे बसलो आहोत तिथूनच सुचतो. आपण अंबरनाथात आहोत. अलीकडे उल्हासनगर, पलीकडे बदलापूर. 2011 च्या जनगणनेत या तीन गावांची मिळून लोकसंख्या नऊ लाखांवर होती, आणि तेव्हापासून किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही रोज बघता. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. गाडी धावली तर सव्वा तास, रखडली तर देवाक काळजी. म्हणजे इथल्या नोकरदार माणसाचे दिवसाचे अडीच-तीन तास गाडीत जातात. त्यात पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, पण कान मोकळा असतो. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि कानात इअरफोन असतो. श्राव्य साहित्याचा श्रोता कोण, असं कुणी विचारलं तर आम्ही त्याला सकाळी बदलापूरच्या फलाटावर उभं करू.

आता थोडं मागे जाऊ. कानाने साहित्य घेणं आपल्याला नवीन नाही. कीर्तन आहे, भारूड आहे. 23 जुलै 1927 ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते, आणि त्यांचं गद्य कानाला इतकं सोपं का जातं याचं एक कारण तिथे आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन केलं. लोकांनी तिकीट काढून कथा ऐकल्या. त्यामुळे 'आता लेखक बोलायला लागला' हे नवल नव्हे. नवीन आहे ते वेगळंच. 'पॉडकास्ट' हा शब्द 2004 मध्ये इंग्लंडच्या एका वर्तमानपत्रात पहिल्यांदा आला. आपल्याकडे 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. 2017 च्या शेवटी स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली, आणि तिने सुरुवातीलाच इंग्रजी, हिंदीबरोबर मराठी घेतली. 2019 मध्ये स्पॉटिफाय आलं. या तीन वर्षांत मराठी लेखकासाठी एक नवीन धंदा तयार झाला. तो आधी नव्हता.

या धंद्यातलं एक उदाहरण आम्ही घेणार आहोत, कारण उदाहरणाशिवाय समीक्षा म्हणजे हवेतल्या गप्पा. पुण्याचे निरंजन मेढेकर हे स्वतःला लेखक आणि पॉडकास्टर म्हणवतात, आणि ते दोन्ही आहेत. त्यांच्या कामाचे ढोबळ तीन प्रकार दिसतात. 'व्हायरस पुणे' ही स्टोरीटेलसाठी केलेली श्राव्य मालिका. 'मराठी क्राइम कथा' हा गुन्हेकथांचा पॉडकास्ट. आणि 'सेक्सवर बोल बिनधास्त' हा लैंगिक आरोग्यावर मराठीत मोकळं बोलणारा पॉडकास्ट. आम्हाला या यादीचं महत्त्व असं वाटतं की, लेखकाची आजची कारकीर्द एका पुस्तकाकडून दुसऱ्या पुस्तकाकडे सरळ जात नाही. ती एकाच वेळी तीन-चार पायांवर उभी असते: कंपनीने सांगितलेलं काम, वाचकप्रिय प्रकारातलं काम आणि समाजात ज्या विषयाची चणचण आहे त्यावरचं काम. पूर्वी मराठी लेखक प्राध्यापक किंवा बँकेत असायचा आणि रविवारी लिहायचा. लिहिण्यावरच रोजचा दिवस काढणं ही धडपड आहे, आणि तिला आम्ही कमी लेखत नाही. तिसऱ्या प्रकाराबद्दल तर आम्ही म्हणू की, तो विषय छापील मराठीत आला की एकतर डॉक्टरी भाषा होते नाहीतर चावट. कानात, एकट्याला, शांत आवाजात सांगितलेलं मराठी इथे खरोखर उपयोगी पडतं. माध्यम आणि विषय जुळले, असं क्वचित होतं.

पण 'व्हायरस पुणे'कडे समीक्षकाने जरा थांबून बघायला हवं. ही मूळ कल्पना डॅनियल ऑबेर्य या स्वीडिश लेखकाची, आणि मूळ कथेचं शहर स्टॉकहोम. ती पुण्यात आणून मराठीत उभी केली. रूपांतराला आमचा मुळीच विरोध नाही. मराठी रंगभूमी रूपांतरांवर वाढली आहे. प्रश्न पद्धतीचा आहे. इथे सांगाडा आधी ठरतो आणि शहर ही त्यातली भरायची रिकामी जागा असते. स्टॉकहोम काढा, पुणे घाला. मग मराठी लेखकाची कसोटी कुठे लागते? त्या रिकाम्या जागेत तो किती खरं पुणे घालू शकतो, तिथे. रस्त्यांची नावं घातली की शहर येत नाही. संकटात तिथली माणसं कशी वागतील, कोण कोणाला दार उघडेल, कोण 'आमच्याकडे नको' म्हणेल, यातून शहर येतं. आता हाच सांगाडा अंबरनाथला आणून बघा. इथे साथ आली तर पहिला प्रश्न 'गाड्या चालू आहेत का' हा असेल. कथा तिथूनच वेगळी होईल, आणि सांगाडा मोडेल. मोडू द्यावा, असं आमचं म्हणणं. जो सांगाडा गावाप्रमाणे मोडत नाही, त्यात गाव आलेलं नसतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ: कानाला कसं लागतं? मराठीत क्रियापद शेवटी येतं. छापील पानावर डोळा मागे जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही. 'काल रात्री कारखान्यातून दुसरी पाळी संपवून पावसात भिजत घरी आलेल्या आणि दार उघडंच असल्याचं पाहून चमकलेल्या माणसाने' इथपर्यंत श्रोत्याने सगळं डोक्यात धरून ठेवायचं, आणि त्या माणसाने काय केलं ते अजून कळायचंच आहे. तेवढ्यात 'पुढील स्टेशन विठ्ठलवाडी' अशी घोषणा झाली की संपलं. तेच असं सांगा: 'दुसरी पाळी संपली. पाऊस होता. तो भिजत घरी आला, तर दार उघडं.' ही वाक्यं आमची, उदाहरणापुरती केलेली. पण मुद्दा लक्षात घ्या. हे सोपं करणं नाही. हे मराठीचा बोलण्यातला क्रम परत आणणं आहे. आपल्या शिष्ट गद्याने विशेषणांची लांबलचक मालगाडी नामाच्या आधी जोडायची सवय लावून घेतली. माइक ती सवय मोडतो. चांगला लेखक-पॉडकास्टर पुन्हा पुस्तकाकडे वळला, तर तो ही शिस्त घेऊन वळेल, आणि मराठी गद्याचं त्यात भलंच होईल.

दुसरी गोष्ट. कीर्तनकार मूळपद पुन्हा पुन्हा घेतो. उशिरा आलेल्यालाही त्यामुळे धागा सापडतो. गाडीतला श्रोता हा असा सतत उशिरा आलेला श्रोता आहे: धक्का लागतो, फोन येतो, कल्याणला लोंढा आत शिरतो. बऱ्याच मराठी श्राव्य कथांत या श्रोत्याला सांभाळण्यासाठी पार्श्वसंगीत वापरतात. भीती वाटायची जागा आली की ढमढम. हा आळस आहे. शब्दाने जे धरून ठेवायचं ते वाद्याने धरून ठेवलं, तर लेखक हवा कशाला? माडगूळकरांच्या कथाकथनाला कोणतं वाद्य होतं?

तिसरी गोष्ट थोडी बारकाव्याची आहे. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत निवेदक पुरुष की बाई हे पहिल्याच क्रियापदात कळतं. इंग्रजीत तसं कळत नाही. छापील कथेत हे आपण सहज ओलांडतो. पण 'मी गेले' हे वाक्य पुरुषाच्या आवाजात आलं की कान अडतो. म्हणजे मराठी श्राव्य लेखकाला आवाज आधी ठरवून वाक्य लिहावं लागतं. तसंच 'पाणी' आणि 'पानी'. छापताना लेखक ठरवतो. ध्वनिमुद्रणात कोण ठरवतं? बदलापूरच्या आसपासच्या गावातली आगरी आजी कथेत आली, आणि तिचे संवाद एखाद्या व्हॉइस आर्टिस्टने रेडिओच्या स्वच्छ मराठीत वाचले, तर ती आजी कथेतून गेली. किंवा उलट, तिचं आगरी विनोदासाठी फुगवून वाचलं, तरी ती गेलीच.

इथे आम्ही तिसऱ्या प्रश्नावर पोचतो. आम्ही ऐकलेल्या मराठी पॉडकास्टांत आवाज बहुतेक एकाच पट्ट्यातला आहे. पुणे, दादर, पार्ले. ते बोलणं वाईट आहे असं नाही. पण डिजिटल माध्यमाने लेखकाला पत्त्यातून मोकळं केलं असं आपण म्हणतो, आणि लेखकाने त्या मोकळेपणाचा उपयोग पत्ता पुसायला केला असं दिसतं. पूर्वी इथल्या मुलाला लेखक व्हायचं तर गिरगाव-दादरला नाहीतर पुण्याला खेपा घालाव्या लागत. आता खेप वाचली. मग इथला आवाज आला का? अंबरनाथचं देऊळ शके 982 चं, म्हणजे सन 1060 चं. त्यावर माहितीपर भाग कितीही निघतील, आणि निघावेत. पण विमकोची काडेपेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी, एमआयडीसीतली पाळी यांच्यातून घडलेली एक मराठी या गावात आहे. ती कोणत्या मालिकेत ऐकलीत? 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं. त्या दिवशी आसपासच्या माणसांनी काय पाहिलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं श्राव्य लेखन दुसरं कोणतं असेल? बातमी दोन दिवसांत संपली. आठवण अजून लोकांच्या तोंडात आहे, पण तोंडात असलेली गोष्ट कायमची राहत नाही.

उल्हासनगरचं उदाहरण तर मराठी माणसाने मुद्दाम बघावं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, आणि 8 ऑगस्ट 1949 ला या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. इथे मोहन कल्पना यांच्यासारखा लेखक राहिला. 'उहा शाम' या कादंबरीसाठी त्यांना 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1967 मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली. पण लिपी कोणती, अरबी की देवनागरी, हा वाद चालत राहिला, आणि मधल्या मध्ये आजोबांचं पुस्तक नातवाला वाचता येईनासं झालं. त्याला भाषा कळते, लिपी कळत नाही. अशा भाषेला कानाचं माध्यम म्हणजे जवळजवळ शेवटची गाडी. आता जरा आपल्या घरात बघा. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना मराठी कळते, पण मराठी पान वाचताना ती अडखळतात. आपण सिंधी माणसाच्या मागच्याच डब्यात बसलो आहोत. म्हणून पॉडकास्टकडे फक्त करमणूक म्हणून बघणं आम्हाला परवडणारं नाही. आणि म्हणूनच त्यात कुठली मराठी जाते, हा प्रश्न आम्ही इतका लावून धरतो. मुलाच्या कानात एकच मराठी गेली, तर आजीची मराठी त्याला परकी वाटेल.

मुलाखतींबद्दल एक परिच्छेद. मराठीत हल्ली पॉडकास्ट म्हणजे मुलाखत असं समीकरण झालं आहे. सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' असे कार्यक्रम लोक आवडीने बघतात. 'बघतात' म्हटलं, कारण त्यात कॅमेरा आला आहे. मुंबईचेच अमित वर्मा इंग्रजीत 2017 पासून 'द सीन अँड द अनसीन' करतात. आधी ते स्तंभ आणि कादंबरी लिहिणारे. त्यांचे भाग सुरुवातीला छोटे होते, पुढे कित्येक तासांचे झाले. लांबी वाढली तरी ऐकणारे टिकले, हे लक्षात घेण्यासारखं आहे. श्रोत्याला धीर नसतो ही समजूत त्याने खोटी पडते. मात्र लेखक फक्त विचारणारा होऊन बसला की एक गोष्ट घडते: त्याचं स्वतःचं लेखन पाहुण्यांच्या नावांखाली दबतं. मुलाखत ही लेखनाची तयारी असावी. लेखनाची जागा तिने घेऊ नये.

आता मालकी. इथे मी जरा व्यवहाराचं, म्हणजे आम्ही आपलं, व्यवहाराचं बोलतो. कारण या सभागृहातले काही जण उद्या करारावर सही करणार आहेत. भागाभागाने गोष्ट सांगणं हरिभाऊ आपट्यांनी केलेलं आहे. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः आली. पुढचा भाग कधी, ही हुरहुर तेव्हाही होती. पण फरक असा की, 'करमणूक' हरिभाऊंचं स्वतःचं होतं. भाग किती लांब, गोष्ट कुठे थांबवायची, अप्रिय गोष्ट सांगायची की नाही, हे ते ठरवत. आजच्या लेखकाचे दोन दरवाजे आहेत. एक, कंपनीसाठी मालिका लिहा: पैसे ठरलेले, हक्क त्यांचे. दोन, स्वतःचा पॉडकास्ट काढा: हक्क तुमचे, पैसे कधी येतील सांगता येत नाही. आमच्या मते शहाणा लेखक दोन्ही दरवाजे उघडे ठेवतो, आणि कुठल्या दरवाजातून काय बाहेर जातं याची वही ठेवतो.

कायदा इथे लेखकाच्या थोडा बाजूचा आहे, पण तो माहीत हवा. कॉपीराइट कायदा 1957 चा. पगारी नोकरीत नसलेला लेखक हाच आपल्या लेखनाचा पहिला मालक. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि 2012 च्या दुरुस्तीने असं ठरलं की, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्याचे हक्क आपोआप जात नाहीत. म्हणून 'सर्व माध्यमांतील, सर्व काळासाठी, सर्व जगात' असं वाक्य करारात दिसलं, तर चहा घ्या आणि ते पुन्हा वाचा. त्या एका ओळीत तुमची पुढची कारकीर्द असते.

मालकीचाच दुसरा भाग म्हणजे टिकणं. बदलापूरला श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' वाचनालय आहे. जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं तिथे जपली जातात. एखादं पुस्तक लेखकाने टाकलं, प्रकाशकाने टाकलं, तरी कुणीतरी रद्दीतून उचलतं आणि ते वाचतं. श्राव्य भागाचं काय? ॲपचा करार संपला, कंपनीने धोरण बदललं, की तो भाग यादीतून जातो, आणि रद्दीवाल्याकडेही मिळत नाही. लेखकाची दहा वर्षांची मेहनत अशी एका रात्रीत ऐकू येईनाशी होऊ शकते. मग पुढचा समीक्षक कशावर बोलणार? म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक भागाची संहिता छापून ठेवा. मूळ ध्वनिफीत, म्हणजे फाइल, स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा. आणि पुस्तकांच्या वाचनालयांनी आता आवाजासाठीही एक कपाट करावं.

शेवटी आमचा निष्कर्ष. डिजिटल काळाने मराठी लेखकाला श्रोता परत मिळवून दिला, हे खरं आहे आणि चांगलं आहे. त्याच्या वाक्याला बोलण्याचा क्रम परत मिळतो आहे, हे त्याहून चांगलं. पण कंपनी देते तो सांगाडा आणि पट्ट्यातली एकसारखी मराठी, या दोन गोष्टी लेखकाने मुकाट्याने घेतल्या, तर त्याची कारकीर्द चालेल आणि साहित्य थांबेल. बदलापूरहून निघालेल्या गाडीत हजारो लोक रोज दुसऱ्यांचे आवाज ऐकत जातात. त्यांपैकी एकाने तरी आपल्या डब्यातला आवाज माइकवर आणावा, आणि तो आणताना त्यावरचा हक्क कुणाला फुकट देऊ नये, एवढंच आम्हाला आज सांगायचं होतं.

प्रश्न असतील तर घेऊ. पण शेवटची फास्ट कुणाला पकडायची असेल त्यांनी आधी विचारा.